आक्रमण झालेल्या देशाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे नेमके काय?

धरमपेठकर :

युक्रेनवरील आक्रमणाचा विषय आपल्याकडे निघाला की चर्चा बहुधा दोन वाक्यांवर येऊन थांबते. एक, संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांना कोणी विचारत नाही. दुसरे, आपण तटस्थ राहिलो तेच शहाणपणाचे झाले. ही दोन्ही वाक्ये एकाच व्यक्तीच्या तोंडून, एकाच दमात ऐकायला मिळतात, याचे मला नवल वाटते. ठरावांना खरोखरच काडीची किंमत नसती, तर त्यांवर मत न देण्यासाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दर वेळी इतके तोलून-मापून निवेदन कशाला केले असते?

आधी घटनाक्रम सांगतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसले. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला. अकरा देश बाजूने, रशियाचा नकाराधिकार, आणि भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती तटस्थ. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपदही रशियाकडेच होते, हा आणखी एक विनोद. मग १९५० साली कोरियन युद्धाच्या वेळी काढलेल्या वाटेने (नकाराधिकाराने परिषद अडली की विषय आमसभेकडे न्यायचा) प्रकरण आमसभेच्या आणीबाणीच्या अधिवेशनात गेले आणि २ मार्च रोजी १४१ विरुद्ध ५ मतांनी ठराव संमत झाला. ३५ देश तटस्थ राहिले, त्यांत आपणही होतो. ऑक्टोबरमध्ये युक्रेनचे चार प्रांत रशियाला जोडण्याचा प्रयत्न अवैध ठरवणारा ठराव १४३ मतांनी संमत झाला; तेव्हाही आपण तटस्थच राहिलो.

आता २४ फेब्रुवारी २०२५ चा दिवस पाहा. आमसभेत युक्रेन व युरोपीय देशांच्या ठरावाला ९३ मते मिळाली, १८ विरोधात गेली, ६५ देश तटस्थ राहिले, आणि विरोध करणाऱ्यांत या वेळी अमेरिकाही होती. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने अमेरिकेचा ठराव मंजूर केला. युद्ध लवकर संपावे आणि चिरस्थायी शांतता नांदावी, अशी इच्छा त्यात आहे. आक्रमण कोणी केले हे त्यात नाही, आणि युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेचा उल्लेखही नाही.

माझे म्हणणे या दोन ठरावांतल्या फरकाविषयी आहे. ‘युद्ध थांबवा’ आणि ‘सैन्य मागे घ्या’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. ज्याच्या ताब्यात दुसऱ्याची जमीन आहे त्याला पहिली मागणी मान्य करणे केव्हाही परवडते. आक्रमकाचे नाव न घेता केलेले शांततेचे आवाहन दिसायला निःपक्षपाती असते, पण त्याचे वजन ताबा घेऊन बसलेल्याच्या पारड्यात पडते.

हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नसावी. १ जानेवारी १९४८ रोजी भारताने सुरक्षा परिषदेकडे नेलेली तक्रार आक्रमणाविषयी होती. काश्मिरात शिरलेल्या टोळीवाल्यांना पाकिस्तान करीत असलेली मदत थांबवावी, असे तिचे साधे स्वरूप होते. तीन आठवड्यांत, २२ जानेवारीला, कार्यसूचीवरील विषयाचे नाव बदलून ‘भारत-पाकिस्तान प्रश्न’ असे झाले, आणि तक्रारदार व ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, असे दोघेही एकाच रांगेतले पक्षकार होऊन बसले. १९६२ च्या डिसेंबरमध्ये सिलोन, ब्रह्मदेश, कंबोडिया, इंडोनेशिया, इजिप्त आणि घाना हे सहा अलिप्त देश कोलंबोत जमले. त्यांनी प्रस्ताव दिले, मध्यस्थी केली, पण चीनला आक्रमक म्हटले नाही. आपल्याला ते किती लागले होते, हे त्या काळची वर्तमानपत्रे चाळली तरी कळते. कीव्हमध्ये बसून आपले निवेदन वाचणाऱ्याला आज तसेच वाटत असेल, असे मला वाटते.

कळमना_मार्केट :

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यात खर्चाचा रकाना कोरा आहे. युद्ध सुरू झाले त्या उन्हाळ्यात नागपूरच्या इतवारीत खाद्यतेलाच्या पिंपाचे भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे असे निघत होते. आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा भाग युक्रेनचा असे, तो अडकला. पाठोपाठ इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. आपल्या सोयाबीन उत्पादकाला त्या हंगामात दोन पैसे जास्त मिळाले हे खरे, पण तोच शेतकरी खतासाठी रांगेत होता. पोटॅश आपल्याकडे जवळजवळ सगळे आयात होते आणि रशिया व बेलारूस हे त्याचे मोठे पुरवठादार आहेत. काटोल-वरूडच्या संत्रा बागायतदाराला आमसभेतल्या मताचे काय करायचे आहे?

खनिज तेलाचेही तसेच आहे. युद्धापूर्वी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, २०२३ मध्ये तो एक-तृतीयांशापलीकडे गेला. ज्या युरोपीय देशांनी आपल्याला नीतीचे धडे दिले ते स्वतः रशियाचा द्रवरूप वायू घेतच राहिले. बाजूने मत देणे त्यांना परवडले, कारण त्यांनी मत एका खात्यात आणि खरेदी दुसऱ्या खात्यात मांडली.

वायुसेनानगर_निवृत्त :

कळमना_मार्केट यांच्या रकान्यात आणखी एक नोंद करतो. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, त्यामुळे सुट्या भागांची भाषा या शहरातल्या बऱ्याच घरांना कळते. रशियन बनावटीचे सुखोई विमान असो वा एमआय-१७ हेलिकॉप्टर, ते विकत घेताना जो देश निवडला जातो त्याच्याशी पुढची तीस-चाळीस वर्षे बोलणे तोडता येत नाही. ही भावनेची गोष्ट नव्हे.

दुसरे असे की, आमसभेतल्या बहुमताचा आपला अनुभव धागाकर्त्याने अर्धाच सांगितला. गोव्यात सैन्य गेले तेव्हा, १८ डिसेंबर १९६१ रोजी, सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने अडला. ७ डिसेंबर १९७१ रोजी आमसभेने युद्धबंदी करून सैन्ये मागे घ्यावीत असा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी केला, आणि त्या अकरांत आपण होतो. पूर्व बंगालमधून एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्याकडे आलेले असताना १०४ देशांना आधी आपले सैन्य दिसले. त्या डिसेंबरात मॉस्कोने परिषदेत वारंवार नकाराधिकार वापरला नसता तर ढाका मुक्त होण्यापूर्वीच आपल्याला थांबावे लागले असते. बहुमताच्या नैतिकतेवर माझा विश्वास तेव्हापासून बेताचाच आहे.

धरमपेठकर :

१९७१ चा दाखला येणार हे अपेक्षित होते आणि तो योग्यही आहे; मात्र तो माझ्या मुद्द्याला छेद देतो असे मला वाटत नाही. भारताने ६ डिसेंबरला बांगलादेशला मान्यता दिली आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य परत आणले. तिथला एकही जिल्हा आपल्या नकाशात आला नाही. १९७४ मध्ये बांगलादेश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि ज्यांनी आपल्याविरुद्ध मत दिले होते त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्यालाही मान्यता दिली. क्रिमिया, दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझिया, खेरसोन हे रशियाने स्वतःच्या राज्यघटनेत लिहून घेतलेले प्रदेश आहेत. शेजारी देशात सैन्य पाठवण्याच्या दोन घटना एकाच खणात टाकता येत नाहीत. सैन्य परत गेले की नाही, आणि जाताना जमीन कोणाच्या नावावर राहिली, हे पाहावेच लागते.

गंमत अशी की बरोबर १०४ हाच आकडा जानेवारी १९८० मध्ये पुन्हा आला. अफगाणिस्तानातून परकीय सैन्य मागे घ्यावे, या ठरावाला १०४ मते पडली आणि आपण तटस्थ राहिलो. सोव्हिएत सैन्य फेब्रुवारी १९८९ मध्ये परतले. ते ठरावामुळे परतले असे कोणी म्हणणार नाही, परंतु त्या नऊ वर्षांत अलिप्त आणि इस्लामी देशांमध्ये मॉस्कोची जी पत गेली तिचा हिशेब क्रेमलिनलाही करावा लागला.

पालक_खामला :

मी या विषयातला जाणकार नाही, पण युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलीचा बाप आहे. म्हणून एक गोष्ट नोंदवतो. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात सुमी शहरात सुमारे सातशे भारतीय विद्यार्थी अडकले होते. एकीकडे रशियन तोफा, दुसरीकडे युक्रेनची नाकाबंदी, आणि मुले वसतिगृहाच्या तळघरात बर्फ वितळवून पाणी पीत होती. पंतप्रधान ७ मार्चला दोन्ही राष्ट्राध्यक्षांशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी बस सुटल्या. माझी मुलगी सुमीत नव्हती, ती आधीच सीमा ओलांडून आली होती. पण त्या रात्री आम्हा पालकांच्या गटात कोणी झोपले नाही. त्या क्षणी दिल्लीचा फोन दोन्हीकडे उचलला जात होता, याची किंमत १४१ च्या यादीत नाव असण्यापेक्षा आम्हाला जास्त वाटली. धरमपेठकर यांचा युक्तिवाद मला पटतो, तरीही हे विसरता येत नाही.

वकीलपत्र :

चर्चा मतदानाभोवतीच फिरते आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४) नुसार कोणत्याही राज्याच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध वा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध आहे. त्यातूनच निघालेले तत्त्व म्हणजे बळाने मिळवलेल्या प्रदेशाला मान्यता न देणे, आणि माझ्या मते राजनैतिक पाठिंब्याचे सर्वांत टिकाऊ रूप तेच आहे, कारण ते पाळायला सैन्य लागत नाही, फक्त चिकाटी लागते.

बाल्टिक देशांचे उदाहरण घ्या. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया गिळले. २३ जुलै १९४० रोजी अमेरिकेने हे विलीनीकरण मानत नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर अर्धे शतक त्या तिन्ही देशांच्या वकिलाती अमेरिकेत चालू राहिल्या. ज्या देशाची सरकारे नाहीत, सैन्य नाही, ज्याचा नकाशा शाळेत शिकवला जात नाही, त्याचा प्रतिनिधी दर वर्षी मुत्सद्द्यांच्या यादीत छापून येत होता. याला लोक हसत असतील. परंतु सप्टेंबर १९९१ मध्ये हे तिन्ही देश संयुक्त राष्ट्रांत आले तेव्हा त्यांनी नवे राज्य स्थापन केल्याचे म्हटले नाही; जुनेच राज्य पुन्हा कामाला लागल्याचे म्हटले. तो दावा अबाधित राहिला त्याला अमेरिकेची ती पन्नास वर्षांची चिकाटीही कारण आहे.

कुवेतचेही पाहा. ९ ऑगस्ट १९९० रोजी सुरक्षा परिषदेने इराकने केलेले विलीनीकरण एकमताने रद्दबातल ठरवले. पुढे युद्ध झाले, ते सर्वांना आठवते. आठवत नाही ते हे की, नुकसानभरपाईसाठी संयुक्त राष्ट्रांनी आयोग नेमला, इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून कपात केली, आणि २०२२ मध्ये शेवटचा हप्ता देऊन एकूण ५२.४ अब्ज डॉलर चुकते केले. घरदार टाकून पळालेल्या भारतीय कामगारांनाही त्यातून पैसे मिळाले. युक्रेनसाठी युरोप परिषदेने मे २०२३ मध्ये नुकसानीची नोंदवही सुरू केली, तिचे कार्यालय हेगला आहे. पैसे येतील की नाही हा पुढचा प्रश्न, पण नोंदच नसेल तर मागणार कशाच्या आधारे?

जाता जाता, १६ मार्च २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रशियाला लष्करी कारवाई स्थगित करण्याचा अंतरिम आदेश १३ विरुद्ध २ मतांनी दिला. त्या तेरांत न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, जे पूर्वी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. न्यायाधीश सरकारचे प्रतिनिधी नसतात, हे खरेच. पण एक भारतीय न्यायाधीश ‘होय’ म्हणू शकला आणि आकाश कोसळले नाही.

महाल_वाडा :

वकीलसाहेब, तत्त्व सुंदर आहे, पण ते निवडक देशांनाच का लागू होते? २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले तेव्हा सुरक्षा परिषदेने निषेधाचा ठराव केला नाही, कारण आक्रमकाकडेच नकाराधिकार होता. आपल्या लोकसभेने एप्रिल २००३ मध्ये एकमताने ठराव केला आणि त्यानंतर इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंतीही आपण नाकारली. त्याबद्दल आपले कौतुक कोणी केले? २०१९ मध्ये अमेरिकेने सीरियाकडून युद्धात घेतलेल्या गोलन टेकड्यांवरील इस्रायलचे सार्वभौमत्व मान्य केले. बळाने मिळवलेली जमीन मान्य न करण्याची ती चिकाटी तेव्हा कुठे गेली?

कंबोडिया तर आणखी अवघड आहे. १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याने पोल पॉटची राजवट उलथली. नरसंहार थांबला. पण परकीय आक्रमणातून आलेले सरकार मान्य नको, म्हणून संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची पोल पॉटच्याच प्रतिनिधीकडे राहिली. भारताने १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली आणि त्याबद्दल टीका सोसली. सार्वभौमत्वाचे तत्त्व इतके पवित्र असेल, तर त्या खुर्चीचे काय करायचे ते सांगा.

निवृत्त_प्राध्यापक :

महाल_वाडा यांचा कंबोडियाचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मला वाटते तिथे सार्वभौमत्व देशाचे होते, पण सांभाळले गेले ते एका राजवटीचे. खुर्ची रिकामी ठेवावी असेही तेव्हा काहींनी सुचवले होते आणि तेच बरे झाले असते. शेवटी तोडगा निघाला तो ऑक्टोबर १९९१ च्या पॅरिस करारातून, व्हिएतनामचे सैन्य परत गेल्यानंतर आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घेण्याचे ठरल्यानंतर. त्या मोहिमेत भारतीय सैनिकही होते.

दुटप्पीपणाच्या आरोपात मात्र आपणही निर्दोष नाही. १९५६ चा नोव्हेंबर आठवा. नागपूरकरांना त्या महिन्यात दुसरेच काही सुचत नव्हते. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेचा सोहळा झाला होता आणि १ नोव्हेंबरला जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी हा मान जाऊन शहर मुंबई राज्यात आले होते. त्याच १ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये, सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर झालेल्या हल्ल्यावरून आमसभेचे पहिले आणीबाणीचे अधिवेशन भरले. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरला होता, तरी आमसभेने त्यांना मागे हटायला सांगितले, अमेरिकेने पौंडाची कोंडी केली, आणि डिसेंबर संपण्यापूर्वी त्यांचे सैन्य इजिप्तमधून गेले. भारत त्यात अग्रभागी होता आणि नंतरच्या शांतिसेनेतही सामील झाला. परंतु त्याच आठवड्यात सोव्हिएत रणगाडे हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा आपण आधी तटस्थ राहिलो, आणि सोव्हिएत सैन्याने माघार घ्यावी व संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मुक्त निवडणुका व्हाव्यात, या ९ नोव्हेंबरच्या ठरावाविरुद्ध भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी मत दिले. काश्मीरला तोच नियम लावला जाईल ही धास्ती त्यामागे होती, हे समजण्यासारखे आहे. जयप्रकाश नारायण यांनी मात्र त्याबद्दल नेहरूंवर जाहीर टीका केली. म्हणजे या विषयावर आपल्या घरातही एकमत कधीच नव्हते.

आता १४१ वरून ९३ वर आलेल्या आकड्याविषयी. त्यावरून पाठिंबा संपला असे समजणाऱ्यांनी पूर्व तिमोरचा इतिहास पाहावा. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने पोर्तुगालची ही वसाहत बळाने घेतली. आमसभेने निषेध केला, पण दर वर्षी मते घटत गेली आणि १९८२ मध्ये ठराव ५० विरुद्ध ४६ असा कसाबसा निसटला. त्यानंतर मतदानाला टाकण्याची हिंमतच झाली नाही. ऑस्ट्रेलियाने तर विलीनीकरण मान्यही करून टाकले. मात्र एक गोष्ट राहिली: संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी त्या प्रदेशाचा कायदेशीर प्रशासक पोर्तुगालच होता, आणि ती नोंद कोणी खोडली नाही. १९९८ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाले, मे १९९९ मध्ये इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला, ३० ऑगस्टला सार्वमत झाले आणि ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य निवडले. पोर्तुगाल त्या टेबलाशी बसू शकला तो त्या जुन्या नोंदीच्या जोरावर. अर्थात मधल्या चोवीस वर्षांत त्या छोट्या बेटावर जे मरण ओढवले त्याची भरपाई कोणत्याही दप्तरातून होत नाही, आणि चिकाटीचे गुणगान करताना हे बोलायला मी कचरतो.

धरमपेठकर :

प्राध्यापक महोदयांचे शेवटचे वाक्य मला मान्य आहे. कळमना_मार्केट आणि वायुसेनानगर_निवृत्त यांनी दाखवलेल्या खर्चावर मात्र एक सांगतो. निर्बंधांत सामील होणे आणि विलीनीकरणाला अवैध म्हणणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १४१ देशांपैकी पुष्कळांनी रशियावर निर्बंध लावलेले नाहीत. तुर्कस्तानने बाजूने मत दिले, निर्बंध लावले नाहीत, आणि तरीही जुलै २०२२ मध्ये इस्तंबूल इथे काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार त्यानेच संयुक्त राष्ट्रांसोबत घडवून आणला. वर्षभरात जवळजवळ सव्वातीन कोटी टन धान्य त्या वाटेने गेले. म्हणजे आक्रमकाचे नाव घेतले की मध्यस्थी करता येत नाही, आपला फोन उचलला जात नाही, हा समज खरा नाही. पालक_खामला यांना हेच सांगावेसे वाटते. सुमीच्या रात्री फोन करता आला याचा आनंदच आहे, पण अंकारातल्या तुर्की सरकारलाही तो करता येत होता.

आपल्या बाजूने झालेली कामेही नोंदवली पाहिजेत. समरकंदमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांनी पुतिन यांना समोरासमोर सांगितले की हा काळ युद्धाचा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ते कीव्हला गेले, आणि युक्रेन स्वतंत्र झाल्यापासून तिथे गेलेले ते पहिले भारतीय पंतप्रधान ठरले. मात्र त्याआधी जूनमध्ये स्वित्झर्लंडच्या शांतता परिषदेत आपला अधिकारी बसला आणि संयुक्त निवेदनावर आपण सही केली नाही. दर निवेदनात आपण सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता यांचा आदर करावा असे म्हणतो. तो आदर कोणाच्या प्रदेशाविषयी, हे सांगायची वेळ आली की थांबतो. मला खटकते ते एवढेच.

महाल_वाडा :

समजा उद्या जिथे आहे तिथे रेषा ओढून शस्त्रसंधी झाली. मग तुमच्या तत्त्वाचे काय? युक्रेनने लढतच राहावे का?

धरमपेठकर :

नाही. लढाई थांबवायची की नाही हे युक्रेनने ठरवावे, त्यात आपण उपदेश करू नये. परंतु शस्त्रसंधी आणि सीमेला मान्यता या एकच गोष्टी नाहीत. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी तोफा थांबल्या, सीमेचा प्रश्न कागदावर उघडा राहिला; तिथल्या युद्धकैद्यांच्या आयोगाचे अध्यक्षपद आपल्या जनरल थिमय्यांनी सांभाळले होते. सायप्रसच्या उत्तर भागात तुर्की सैन्य १९७४ पासून आहे. १९८३ मध्ये तिथे वेगळे राज्य घोषित झाले, सुरक्षा परिषदेने ते अवैध ठरवले, आणि आजपर्यंत तुर्कस्तानशिवाय कोणीही त्याला मान्यता दिलेली नाही. सायप्रसचा प्रश्न सुटला नाही, पण बंदही झाला नाही. युक्रेनशी असे काही झाले तर करारात प्रदेश ‘ताब्यात’ म्हटले आहेत की ‘रशियाचे’, हे मी आधी पाहीन. आणि हमी कोणती, तेही. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात अमेरिका, ब्रिटन आणि खुद्द रशियाने युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे वचन दिले होते, अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात. वचन मोडल्यास कोण काय करील, हे त्यात नव्हते.

वकीलपत्र :

यात एका कलमाची भर घालतो. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारातील कलम ५२ असे सांगते की सनदेचे उल्लंघन करून, बळाच्या धाकाने वा वापराने घडवून आणलेला करार शून्यवत असतो. म्हणजे उद्या युक्रेनने दडपणाखाली प्रांत लिहून दिले, तरी त्या सहीला पुढे आव्हान देता येईल. भारत या कराराचा पक्षकार नाही, पण त्यातली बरीचशी तत्त्वे आपली न्यायालये रूढ आंतरराष्ट्रीय कायदा म्हणून विचारात घेतात. तशी वेळ आली तर दिल्ली या कलमाचे नाव घेईल का, यावर इथल्या जाणकारांचे मत वाचायला आवडेल.